नऊ दिवसांचा पाहुणचार

तेरावा झाला, पाहुणे गेले, जया काल सकाळच्या गाडीनं बंगळुरूला परतली. घरात आता मी एकटी आहे आणि मला तुमचा राग आलेला आहे. भेटायला येणाऱ्यांसमोर तो दाखवता येत नव्हता. दोन आठवडे मी मान खाली घालून सगळ्यांचं ऐकून घेतलं. किती साधे होते, म्हणाले. स्वतःवर कधी उधळपट्टी केली नाही, म्हणाले. तुमच्या पाटबंधारे खात्यातले ते निवृत्त ड्राफ्ट्समन तर म्हणाले की रावांनी कारकुनाच्या पगारात बायकोला सगळा देश दाखवला, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मी त्यांना कॉफी दिली. दुसरं काय करणार होते?

हे मी देवनागरीत लिहिते आहे. आपल्या तंजावरच्या मानंबुचावडीत मराठी बोलणारी घरं अजून आहेत, पण ही अक्षरं वाचणारी माणसं फार थोडी, आणि त्यांत तुम्ही नव्हता. तुम्ही मराठी तमिळ अक्षरांत लिहायचात, वाण्याची यादीसुद्धा. मी तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलं म्हणून मला हे येतं. तुम्ही असताना मी असं काही लिहीत बसले असते तर तुम्ही विचारलं असतं, काय लिहितेस, वाचून दाखव. आणि मी दाखवलंही असतं, निम्मं गाळून. आता गाळायची गरज नाही.

प्रवासाला निघायचं ठरलं की तुमच्या अंगात यायचं. इतर लोक सुट्टीला निघाले की घरातल्या बाईला चूल सुटते. मला आदल्या दिवसापासून दुप्पट चूल. दोन दिवसांचं कट्टुसादम, म्हणजे शिदोरीचा भात, बांधायचा. पहिल्या दिवसाचा चिंचेचा भात, दुसऱ्या दिवसाचा दहीभात, तो आंबू नये म्हणून दुधात कालवलेला, वर विरजणाचा एक थेंब. स्टेशनवरचं काही विकत घ्यायचं नाही. गाडी रात्रीची धरायची, म्हणजे खोलीचं भाडं वाचतं. सकाळी उतरलं की वेटिंग रूममध्ये आंघोळ, सामान क्लोक रूममध्ये, आणि देवळाचं छत्र, म्हणजे धर्मशाळा, जिथे असेल तिथे मुक्काम. छत्रात जागा नसेल तर पुढच्या गावाला. मी कधी म्हटलं की निदान एक दिवस बऱ्या लॉजमध्ये राहू, तर तुम्ही म्हणायचात, झोपल्यावर भिंत कुठली ते कुणाला कळतं?

काशीला आपण वैशाखात गेलो, कारण तेव्हा कुणी जात नाही. कोडाईकनालला भर पावसात. तिथे तिन्ही दिवस धुकं होतं. तुम्ही कठड्याशी उभं राहून हात लांब करून सांगायचात, इथे दरी आहे. मदुरैच्या लॉजमध्ये तुम्ही पिशवीतून पाणी तापवायचा घरचा कॉइल काढून बादलीत लावलात आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. मॅनेजर वर आला तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, बायकांना सांगून कळत नाही. मी तेव्हा हसले होते. हसण्यावारी नेलं नसतं तर तुमच्याबरोबर पुढे प्रवास करता आला नसता.

हेही लिहिते, कारण खोटं लिहायचं नाही. त्या ड्राफ्ट्समनचं म्हणणं चूक नव्हतं. तुम्ही असे नसतात तर मी शेजारच्या तिरुवैयारुच्या पलीकडे फारशी गेले नसते. आपल्या गल्लीत तेव्हा बद्रीनाथ पाहिलेली बाई मी एकटी होते. वर्गात गंगेवरचा धडा आला की मी पुस्तक मिटून पाण्याचा रंग सांगायची, पोरी टक लावून ऐकायच्या. आणि गाडी फलाटाला लागायच्या आत तुम्ही चालत्या डब्यात चढून खिडकीच्या जागेवर टॉवेल टाकायचात. इतक्या वर्षांत ती खिडकी तुम्ही स्वतःसाठी एकदाही ठेवली नाहीत. मला ते तेव्हाही दिसत होतं. मी कधी बोलून दाखवलं नाही.

पण पुणं.

पुण्याला जायची हौस माझी होती. आपले पूर्वज तिकडून इकडे आले त्याला किती पिढ्या झाल्या ते आता कुणाला सांगता येत नाही. मी इथलीच, माझी आई इथली, आजी इथली. तमिळवर माझा काही राग नाही, माझी स्वप्नंसुद्धा निम्मी तमिळमध्ये पडतात. मला फक्त एकदा आपली घरातली भाषा रस्त्यावर ऐकायची होती. कंडक्टर मराठी बोलतो, भाजीवाली मराठीत भांडते, असं गाव बघायचं होतं. तुम्ही इतक्या चटकन हो म्हणालात की मला आश्चर्यच वाटलं. कारण मागाहून कळलं.

कुंभकोणमच्या एका लग्नात तुम्हाला तुमच्या काकांच्या साडूचा मुलगा भेटला होता. मधुकर. राहायला पुण्यात, पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरीला. निघताना तो म्हणाला होता, पुण्याला आलात तर घरीच या. असं सगळेच म्हणतात. तुम्ही खिशातून पेन काढून पत्ता लिहून घेतलात. मग एक पोस्टकार्ड टाकलंत आणि उत्तराची वाट न बघता तिकिटं काढलीत.

आपण तिघं त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो तेव्हा जया अकरा वर्षांची होती. दोन खोल्यांचं घर. मधुकर, त्याची बायको सुलभा आणि त्यांची रांगती मुलगी. सुलभानं दार उघडलं आणि आपल्या ट्रंकेकडे, वळकटीकडे, मग आपल्याकडे पाहिलं. तरी ती म्हणाली, या. आपण त्यांच्यासाठी नेलं काय होतं? प्रवासात खाऊन उरलेली मुरुक्कूची, म्हणजे चकल्यांची, पुडी.

मधुकरनं सांगितलं की तो रजेवर आहे. तुम्हाला केवढा आनंद झाला, फुकटचा वाटाड्या मिळाला. रोज सकाळी तुम्ही त्याला घेऊन बाहेर पडायचात, बहुतेक पायीच, आणि जेवायच्या वेळेला परत. मला त्या घरात नुसतं बसवेना म्हणून मी स्वयंपाकाला लागले. पुण्याचे माझे दिवस सुलभाच्या ओट्याशी गेले. ती फार बोलत नव्हती. मी डाळ शिजवायला घेतली की ती माझ्या हातातून डबा घेऊन स्वतः मोजून द्यायची. मला वाटलं, हात आखडता आहे हिचा. तुमच्याबरोबर राहून मीसुद्धा माणसांना असंच बघायला शिकले होते.

एकदाच मी जयाला घेऊन मंडईत गेले. मेथीची जुडी हातात घेऊन, मनात दहादा घोकलेल्या मराठीत भाव विचारला. भाजीवालीनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, मद्रासी का तुम्ही? आणि पुढचं सगळं ती माझ्याशी हिंदीत बोलली. घरी येऊन मी हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही विचारलंत, मेथी केवढ्याला दिली?

चौथ्या दिवशी मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं की पुरे झालं, आता एखाद्या लॉजवर जाऊ. तुम्ही म्हणालात, घरची माणसं आहेत, त्यांना वाईट वाटेल. पाचव्या दिवशी दुपारी आपण जेवायला बसलो होतो. सुलभा भात वाढत होती. माझ्या ताटाशी ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, धर्मशाळेतसुद्धा तीन दिवसांवर राहू देत नाहीत."

मधुकरनं मान खाली घातली. जयानं भातावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.  आणि तुम्ही हसलात. म्हणालात, बरी गंमत करते ही. मग आमटी मागितलीत.

त्यानंतर आपण आणखी चार दिवस राहिलो. परतीचं तिकीट त्या तारखेचं होतं, रद्द केलं तर पैसे कापले जातात, असं तुम्ही मला समजावून सांगितलंत.

त्या चार दिवसांत जया जेमतेम जेवली. भूक नाही म्हणायची. परतीच्या गाडीत बसल्यावर तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवून डब्यातला सगळा चिवडा संपवला. पुढच्या वर्षी तुम्ही म्हैसूरचं ठरवलंत तेव्हा ती म्हणाली, मला शाळेचं काम आहे. त्यापुढच्या वर्षीही काम. मग हॉस्टेल, मग नोकरी. आपल्याबरोबर ती पुन्हा कधी सुट्टीला आली नाही. अजूनही माझ्या बहिणीकडे पापनाशमला गेली तर चहा पिऊन संध्याकाळच्या बसनं परत निघते, राहत नाही. मावशीला वाटतं, मुलीला शहराचा गर्व झाला आहे. मी कुणाकुणाला काय सांगू?

मी निवृत्त झाले त्या वर्षी वसंताटीचरला घेऊन पुन्हा पुण्याला गेले. वसंता आमच्या शाळेत तमिळ शिकवायची, तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तिला मोकळा प्रवास करायचा होता आणि मलाही. पैसे माझ्या फंडाचे होते. नळ सोडला की गरम पाणी येईल अशी खोली घेतली. तुम्ही रोज संध्याकाळी फोन करायचात. तब्येत कशी आहे, आणि मग खोली केवढ्याला पडली. मी सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी वसंताला खोलीवर ठेवून एक साडी घेऊन सुलभाकडे गेले. माफी मागायची होती. पत्ता तोच होता. दार उघडणारी बाई पांढऱ्या केसांची होती, मी तिला ओळखलं नाही. मी माझं नाव सांगितलं, तंजावरहून आले म्हटलं, आणि माझं बोलणं ऐकूनच तिनं तोंडावर हात ठेवला. मला आत नेऊन बसवलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणू लागली की त्या एका वाक्याची तिला इतकी वर्षं लाज वाटते आहे, दारी आलेल्याला असं कुणी बोलतं का.

मग तिनं सांगितलं. मधुकर रजेवर नव्हता. आपण जायच्या आधी महिनाभर त्याच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. त्यानं ते कुणाला कळवलं नव्हतं, आईवडिलांनासुद्धा नाही. आपलं पोस्टकार्ड आलं तेव्हा नको म्हणून कळवायलाही वेळ उरला नव्हता. त्या नऊ दिवसांतला तांदूळ तिनं शेजारणीकडून आणला होता, आणि तो फेडायला तिला पावसाळा उजाडला.

ती हे रडून सांगत नव्हती. कुणाच्या तरी दुसऱ्याच घरातलं सांगावं तसं सांगत होती. मला तो डाळीचा डबा आठवला. मी तिचे हात धरले आणि माफी मागितली. ती म्हणाली, तुम्हाला काय ठाऊक होतं?

एवढंच मी तुम्हाला येऊन सांगितलं. पण तिथे आणखी एक गोष्ट झाली होती. मी निघणार इतक्यात मधुकर घरी आला. तुमचं नाव निघाल्याबरोबर त्याचा चेहरा असा उजळला की मला पहिल्यांदा वाटलं हा कुणा दुसऱ्याविषयी बोलतो आहे. त्यानं सांगितलं, नोकरी गेल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, आंघोळसुद्धा करत नव्हता. पाहुणे आले म्हणून त्याला उठावं लागलं, दाढी करावी लागली, रजेचं नाटक करावं लागलं. तुम्ही त्याला रोज सकाळी ओढून बाहेर काढलंत. एका बाजूनं पर्वतीवर चढवलंत, दुसऱ्या बाजूनं उतरवलंत. कालवा दिसला की थांबून पाण्याचा वेग सांगितलात, उसाच्या रसाचा एक पेला दोघांत घेतलात. तो म्हणाला की इतक्या थोडक्यात इतका मजेत राहणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. नवव्या दिवशी आपल्याला गाडीत बसवून तो स्टेशनवरून तसाच एका ओळखीच्याकडे काम मागायला गेला.

दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा तो म्हणाला, "रावांना माझा निरोप सांगा. ते नऊ दिवस ते आले नसते तर मी स्वतःचं काय करून घेतलं असतं, मला माहीत नाही. मी त्यांना विसरलो नाही म्हणावं."

हा निरोप मी तुम्हाला दिला नाही. मुद्दाम दिला नाही.

घरी आले तेव्हा तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होता. मी तुम्हाला शेजारणीच्या तांदळाचं सांगितलं. मला एकच वाक्य ऐकायचं होतं. तुम्ही पेपरची घडी घातलीत आणि म्हणालात, "त्यांनी सांगायला हवं होतं. मला काय स्वप्न पडणार होतं?" मी म्हटलं, तिनं सांगितलं होतं, भात वाढताना. तुम्ही म्हणालात, तेव्हा लॉजमध्ये राहिलो असतो तर जयाला त्या वर्षी सायकल मिळाली नसती.

सायकल खरी होती. ती लाल सायकल जयानं पाच वर्षं चालवली. त्यानं मी आणखी चिडले. मग चार वर्षं आपण तेच भांडण भांडलो. कॉफी पिताना, देवळातून येताना, नवी नदी म्हणतात त्या कालव्याच्या पुलावर. मी म्हणायची, तुम्ही वाचवलं म्हणता ते कुणाच्या तरी पदरातून गेलं. तुम्ही म्हणायचात, आपल्यासारख्यांनी असं केलं नाही तर घरीच बसायचं. मी म्हणायची, मग बसायचं होतं घरी. ते मात्र मी खोटं बोलत होते आणि ते तुम्हाला कळत होतं.

निरोप माझ्याजवळ होता. तो दिला असता तर तुम्ही म्हणाला असता, बघ, मी काय सांगत होतो. आणि पुढे प्रत्येक लग्नात ती हकीकत सांगितली असतीत, सुलभाचा तांदूळ वगळून. ते मला सोसलं नसतं. मी मनाशी ठरवलं होतं, ज्या दिवशी तुम्ही माझं चुकलं म्हणाल त्या दिवशी देईन. तुम्ही आज म्हणाल, उद्या म्हणाल, कधीतरी आजारी पडाल आणि म्हणाल. आपल्याला वेळ आहे असं मी धरून चालले होते.

पापनाशमला माझ्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. मला ताप होता, म्हणून तुम्ही एकटे गेलात. मी म्हटलं, ऊन फार आहे, गाडी करून जा. तुम्ही साध्या बसनं गेलात. परत येताना स्टॉपवर बसची वाट बघत उभे असताना तुम्ही खाली बसलात. एका फुलवालीनं तुमच्या तोंडावर पाणी मारलं. बहिणीचा जावई धावत पोचला तेव्हा तुम्ही गेलेले होता. डॉक्टर म्हणाले, मोटार असती तरी काही करता आलं नसतं, दोन मिनिटांचा खेळ होता. मला ते पटलं आहे. जयालाही पटलं आहे. तरी ती त्या दिवशी तुमच्या पिशवीतून बसचं जातानाचं तिकीट काढून कितीतरी वेळ बघत राहिली, आणि मग मला म्हणाली, "अम्मा, अप्पा तुला कधी चुकलं म्हणाले का ग, त्या पुण्याबद्दल?" मी नाही म्हटलं. तुम्ही ते तिला म्हणाला नव्हता. मलाही नाही.

आज सकाळी फोन वाजला. मधुकर होता. कुंभकोणमच्या कुणाकडून तरी त्याला उशिरा कळलं. म्हातारा झाला आहे, बोलताना दम लागतो. मोठा आधार गेला, म्हणाला. मी हं हं करत होते. मग त्यानं विचारलं, "वहिनी, माझा निरोप पोचला होता ना त्यांना?"

मी म्हटलं, "पोचला."

"काय म्हणाले?"

 त्याला वाटलं मला रडू येतं आहे, तो थांबला. रडू येत नव्हतं. तुम्ही काय म्हणाला असता ते मी शोधत होते, आणि मला ते नीट ठाऊक होतं, आणि ते मला सांगायचं नव्हतं.

मी म्हटलं, "म्हणाले, आम्ही तुमच्याकडे फार दिवस राहिलो. तसं राहायला नको होतं. सुलभाला सांगा म्हणाले, माझं चुकलं."

 त्यानं पलीकडे सुलभाला हाक मारली आणि शब्दन् शब्द तिला सांगितलेलं मला ऐकू आलं. तिनं फोन घेतला.

"राव असं म्हणाले?"

"हो."

 मग तिनं "त्यांना म्हणावं" अशी सुरुवात केली आणि थांबली. तुम्ही नाही आहात हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. आम्ही दोघी तशाच फोन धरून राहिलो, आणि मग तिनं जपा म्हणून ठेवून दिला.

तर आता तुम्ही माफी मागितलेली आहे. ऐकणारे दोघं आहेत, आणि त्यांनी ती मनापासून घेतली आहे. मी खोटं बोलले त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच की त्यांच्याजवळ तुमचे ते शब्द आहेत, आणि माझ्याजवळ नाहीत.